सगळंच फिक्स असतं का? फुटबॉलच्या एका जुन्या पंचाचं उत्तर

तुझ्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. आयपीएलची मॅच शेवटच्या चेंडूवर गेली की ग्रुपवर ‘फिक्स हाय’ सुरू होतं, ते कितपत खरं? गावच्या मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती, झाली म्हणून लोकांनी दंगा केला, मग मैदानाला जायचं तरी कशाला? मित्रानं आयडी, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, घेऊन सट्ट्यात पैसे घालवले आणि आता तो म्हणतो की सगळं वरूनच ठरलेलं असतं, हे बरोबर आहे का? आणि जाता जाता लिहिलंयस की तू पेठेतल्या एका तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतोस आणि ओळख ना पाळख अशा एकानं इन्स्टाग्रामवर ‘उद्या गोलकीपर कोण खेळणार तेवढं सांग, बूट पाठवतो’ असा मेसेज केलाय.

मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर बरीच वर्षं शिट्टी वाजवली. घरात चुलते तालमीतले, त्यामुळं कुस्तीही जवळून बघितली. तेवढ्या अधिकारानं लिहितो.

चौथं आधी घेतो, कारण ते उद्याच्या सामन्याचं आहे. त्या मेसेजला उत्तर देऊ नकोस आणि तो पुसूही नकोस. स्क्रीनशॉट काढून आजच कोचला आणि संघाच्या सेक्रेटरीला पाठव. नुसतं तोंडी सांगून थांबू नकोस, लेखी जाऊ दे. तुला वाटेल, गोलकीपरचं नाव सांगितलं तर काय बिघडलं? सुरुवात अशीच होते. पहिल्या भेटीत कोणी ‘सामना सोड’ म्हणत नाही. आधी बूट येतात, मग ‘तू आपला फ्रेंड’ म्हणून जेवण होतं, मग एखादी बारीकशी माहिती मागतात. ती तू दिलीस की त्यांच्याकडे तुझा मेसेज राहतो आणि पुढची मागणी विनंतीच्या भाषेत येत नाही. बांगलादेशचा शाकिब अल हसन एवढा मोठा खेळाडू. २०१९ मध्ये आयसीसीनं त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, त्यातलं एक वर्ष स्थगित. त्यानं सामना विकला असा आरोपच नव्हता. बुकीनं संपर्क केला आणि त्यानं तो वरिष्ठांना कळवला नाही, एवढ्यावर बंदी. क्रिकेटच्या नियमात न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्या पेठेच्या फुटबॉलला तो नियम लागत नसला तरी शहाणपण तेच आहे.

आता नुऱ्याकडं येतो, कारण तिथं कोल्हापूरकराला शिकवायला कोणी लागत नाही.

नुरा कशी ओळखायची? खडाखडी फार लांबते. दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरत राहतात. हलगी तापते, कुस्ती तापत नाही. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, गेलेला गुडघ्यापाशी जाऊन थांबतो, जणू कुणी परत बोलावलंय. सगळ्यात स्पष्ट दिसतं ते कब्जा घेतल्यावर, म्हणजे एकानं दुसऱ्याला खाली दाबून धरल्यावर. खऱ्या कुस्तीत खाली बसलेला पैलवान एक क्षण स्वस्थ नसतो. वरच्याची बोटं एकेक करून सोडवत असतो, कोपर अंगाशी ओढून घेतो, मान मातीत रोवतो. नुऱ्यात त्याची बोटं सैल पडलेली असतात. घिस्सा डाव बसतो तेव्हा त्याचा खांदा डावाच्या आधीच मातीकडं निघालेला असतो. गॅलरीतला साठीचा माणूस हे दुरून बघतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, ‘चल, चहा घिऊन येऊया.’

नुरा का होते, याचं कारण बहुतेक वेळा सट्टा नसतो. जत्रांच्या हंगामात रोज कुठं ना कुठं मैदान असतं. पैलवानाला आठवड्यात तीन-चार जोडी लागलेल्या असतात आणि गुडघा गेला तर अख्खा हंगाम गेला, वर खुराकाचा खर्च उभाच. कमिटीनं इनाम आधीच ठरवलेलं असतं. समोरचा कधी एकाच वस्तादाचा पठ्ठा, कधी पुढच्या आठवड्यात पुन्हा गाठ पडणारा. मग दोघंही अंग राखतात. लोकांची ही फसवणूकच आहे, मी तिचं समर्थन करत नाही. पण ही फसवणूक लोकांच्या डोळ्यांसमोर होते आणि लोक ती पकडतात. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबागेची रचनाच तशी आहे. मधे हौद, भोवती उतारावर प्रेक्षक, कुठंही बसा, कुस्ती दिसते. एवढ्या जाणत्या डोळ्यांसमोर खोटं लढायचं म्हणजे नाव घालवायचं. हुर्यो बसली की पुढच्या मैदानात त्या पैलवानाचं इनाम उतरतं. त्यामुळं ‘मग जायचं कशाला?’ याला माझं उत्तर एवढंच की त्या दिवशी दंगा करणारे लोक होते म्हणूनच पुढची कमिटी जोड लावताना विचार करेल.

जपानचा सुमो आठवतो, कारण तिथंही असंच अंग राखणं होतं, फक्त फार शिस्तीत. एका स्पर्धेत वरच्या गटातल्या पैलवानाच्या १५ लढती. ८ जिंकल्या तर क्रमवारीत वर, त्याहून कमी तर खाली, आणि क्रमवारीवर पगार. शेवटच्या दिवशी एकाचे ७ विजय ७ पराभव, समोरच्याचे ८ विजय आधीच झालेले. पहिल्याला हा विजय म्हणजे भाकरी, दुसऱ्याला लोणचं. अर्थशास्त्रज्ञांनी जुने निकाल तपासले तर अशा गाठीत ७-७ वाला जवळपास ८० टक्के वेळा जिंकत होता, एरवी तो निम्म्याच्या आसपास जिंकला असता. आणि तेच दोघं पुढच्या वेळी भेटले की आधी हरलेला जास्त जिंकायचा. म्हणजे उसनं फेडलं जात होतं. कित्येक वर्षं सुमो संघटना हे नाकारत राहिली. मग बेसबॉलवरच्या सट्ट्याच्या तपासात पोलिसांनी पैलवानांचे फोन जप्त केले आणि त्यात कोण कुणाला कसं पडणार याचे मेसेज निघाले. २०११ च्या मार्चची स्पर्धाच रद्द करावी लागली.

यातून एक सूत्र घे, पुढं सगळीकडं लागू पडतं. सामना विकला जातो तो अशा जागी, जिथं खेळाडूला त्या क्षणाची किंमत कमी आणि दुसऱ्या कुणाला तरी फार जास्त. विश्वचषकाचा अंतिम सामना ही तशी जागा नव्हे. ज्यात कुणाचं काही अडलेलं नाही असा साखळी सामना, पगार थकलेला संघ, कॅमेरे नसलेली लीग, दहाव्या षटकातला एक वाईड, ह्या त्या जागा.

सट्टेबाज निकालावर कमी आणि तुकड्यांवर जास्त खेळतात. सेशन म्हणजे १० षटकांत किती धावा होतील. बुकी भाव देतो ७८-८०. जास्त होतील म्हणणाऱ्याला ८० गाठायला लागतात, कमी म्हणणाऱ्याला ७८ च्या आत. आता नवव्या षटकात एका गोलंदाजानं १४ धावा दिल्या तर मॅचचा निकाल फिरत नाही, पण सेशन फिरतं. संघ जिंकतो, गोलंदाज घरी जातो, कुणाच्या मनात काही येत नाही. म्हणूनच शेवटच्या चेंडूवर सुटलेला झेल पाहून ‘फिक्स’ ओरडणं मला हास्यास्पद वाटतं. ज्याला सामना विकायचाय तो सगळ्या देशाच्या डोळ्यांसमोर, वीस कॅमेऱ्यांपुढं कशाला विकेल? त्याला आधीची एकोणीस षटकं मोकळी होती.

२०१० च्या लॉर्ड्स कसोटीत पाकिस्तानच्या मोहम्मद आमिर आणि मोहम्मद आसिफ यांनी सांगून नो-बॉल टाकले. खरं तर त्या नो-बॉलवर पैसे लावून कुणी श्रीमंत होणार नव्हता. ‘खेळाडू माझ्या मुठीत आहेत’ हे दाखवायला मध्यस्थ मझहर मजीदनं तो नमुना दाखवला होता. त्याला ठाऊक नव्हतं की समोर दीड लाख पौंड मोजणारा माणूस वार्ताहर आहे. कर्णधार सलमान बट, आसिफ, आमिर आणि मजीद, चौघांनाही २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयानं तुरुंगात पाठवलं. आमिर नो-बॉल टाकताना इतका पुढं गेला होता की समालोचकही चक्रावले, पण तरीही पकडलं कशानं? वार्ताहराच्या सापळ्यानं, सामन्याच्या चित्रफितीनं नव्हे.

दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हन्सी क्रोनिए याचं तर उलटं झालं. जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियनला पावसानं तीन दिवस वाहून गेले. त्यानं इंग्लंडपुढं प्रस्ताव ठेवला, दोघांनी एकेक डाव सोडून दिला आणि मेलेल्या कसोटीत जीव आला. इंग्लंड दोन गड्यांनी जिंकलं. काय खिलाडूपणा, म्हणून क्रिकेटचं जग टाळ्या वाजवत होतं. नंतर कळलं की निकाल लागावा म्हणून एका बुकीनं त्याला पैसे आणि चामड्याचं एक जाकीट दिलं होतं. म्हणजे ज्या सामन्यावर संशय घ्यायला हवा होता त्याचं कौतुक झालं. तोही दिल्ली पोलिसांच्या हाती लागला तो भलत्याच प्रकरणासाठी फोन ऐकताना. त्याच वर्षी आयसीसीनं स्वतःचं भ्रष्टाचारविरोधी पथक उभारलं.

आणि आता तर सामना विकत घ्यायचीही गरज उरलेली नाही, अख्खी लीगच उभी करता येते. २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात शेतावर पिच बनवून, शेतमजुरांना रंगीत जर्सी घालून ‘लीग’ चालली होती. प्रेक्षकांचा गोंगाट स्पीकरवर, अंपायरच्या हातात वॉकीटॉकी, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, आणि पैसे लावणारे रशियात. हसू येतं, पण मोबाइलवर बघणाऱ्याला मैदानाच्या कडेला कुणी नाही हे दिसत नाही, हा मुद्दा गंभीर आहे. खासबागेतल्या आजोबांना जे दिसतं ते स्क्रीनवरच्याला दिसत नाही. त्याला संघटनेवर, पंचांवर, पोलिसांवर विसंबावं लागतं.

ते किती विसंबण्याजोगं आहे? मध्यम. मे २०१३ मध्ये आयपीएलच्या स्पॉट-फिक्सिंगमध्ये, म्हणजे सामन्याचा एखादा तुकडाच विकण्याच्या प्रकरणात, श्रीशांत, अंकित चव्हाण आणि अजित चंडिला या खेळाडूंना दिल्ली पोलिसांनी पकडलं. कमरेला टॉवेल खोचणं ही खूण होती, असं पोलीस म्हणत होते. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. क्रिकेट बोर्डाची आजीवन बंदी मात्र चालू राहिली. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये शिक्षेचा फेरविचार करायला लावला आणि श्रीशांतची बंदी सात वर्षांवर आली. मग तो दोषी की निर्दोष? चाहत्यांना एकच उत्तर हवं असतं, पण इथं दोन तराजू आहेत. फौजदारी कोर्टाला गुन्हा सिद्ध लागतो, बोर्डाला आपली नियमावली मोडली एवढं पुरतं. शिवाय आपल्याकडं मॅच-फिक्सिंग असा स्वतंत्र गुन्हाच नाही. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की खेळाडूनं सामना फिक्स केला म्हणून ४२० खाली फसवणूक होत नाही. तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला वाईट वाटेल, पण ते तिकीट त्यानं स्वखुशीनं काढलं होतं. निकाल कायद्याला धरून असेल. प्रेक्षक म्हणून मला तो पचत नाही. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या लोढा समितीनं आणि २०१८ मध्ये विधी आयोगानंही फिक्सिंगला गुन्हा ठरवा असं सांगून झालंय.

तुझ्या मित्राकडं येतो. त्याला सांग, तुला हरवायला फिक्सिंगची गरजच नाही. दोन संघ तुल्यबळ असले की बुकी दोघांचा भाव ९० पैसे देतो. एकानं या संघावर हजार लावले, दुसऱ्यानं त्या संघावर हजार. हरलेल्याकडून हजार येतात, जिंकलेल्याला नऊशे जातात. शंभर रुपये बुकीचे, कोणीही जिंको. दिवसाला अशा कितीतरी गाठी, वर सेशनच्या ७८ आणि ८० मधली फट. एका बाजूला फार पैसे आले की तो दुसऱ्या बुकीकडं उतारा करतो, म्हणजे जादा पैसे तिकडं लावतो, आणि शांत झोपतो. मोठा बुकी फिक्सिंगला उलट घाबरतो, कारण विकलेल्या मॅचमध्ये सगळा शहाणा पैसा एकाच बाजूला येतो आणि तो बुडतो. ‘वरून ठरलेलं असतं’ हे हरलेल्याचं समाधान आहे, बाकी काही नाही.

टेलिग्रामवर ‘रिपोर्ट’ विकणारे यावरच जगतात. हजार लोकांना फुकट मेसेज जातो. पाचशे जणांना हा संघ जिंकणार, पाचशेंना तो. ज्यांचं बरोबर आलं त्यांचे पुन्हा दोन भाग. तीन मॅचनंतर सव्वाशे माणसं अशी उरतात की ज्यांना या ‘भाई’नं तीनपैकी तीन बरोबर सांगितलेत. ती शपथेवर सांगतात की ह्याची सेटिंग वरपर्यंत आहे. चौथ्या मॅचच्या रिपोर्टचे तो पैसे घेतो. तुझा मित्र बहुतेक त्या सव्वाशेतला.

कायद्याचं म्हणशील तर महाराष्ट्रात जुगाराचा कायदा १८८७ पासून आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद करणारा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हन या ऑनलाइन खेळाच्या कंपनीचं नाव त्याच आठवड्यात गेलं. पण गल्लीत आयडी वाटणारे परदेशी साइटचे असतात, त्यामुळं मित्रानं पैसे परत मिळतील या आशेवर आणखी भरू नयेत. घरी सांगावं. कर्ज काढलं असेल तर आधी तेच सांगावं.

पंचाबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. जर्मनीत रॉबर्ट हॉयझर नावाच्या पंचानं ऑगस्ट २००४ मध्ये जर्मन चषकाच्या सामन्यात खालच्या लीगमधल्या पाडरबॉर्नला दोन पेनल्टी बहाल केल्या, हॅम्बुर्गच्या एका खेळाडूला लाल कार्ड दाखवलं, आणि २-० नं पुढं असलेला हॅम्बुर्ग ४-२ नं हरला. सट्टेबाजांकडून त्याला सगळे मिळून साधारण ६७ हजार युरो आणि एक टीव्ही मिळाला. शिक्षा झाली दोन वर्षं पाच महिन्यांची. मी हे वाचलं तेव्हा आकड्यापेक्षा पेनल्टीकडं माझं लक्ष गेलं. मोठ्या डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या पेनल्टीच्या चौकोनात, प्रत्येक कॉर्नरला कुणी ना कुणी कुणाचा शर्ट ओढत असतंच. पंचाला खोटं काही बनवावं लागत नाही. एरवी सोडून देतो ते एकदा धरलं की पुरे. म्हणून पंच विकत घेणं स्वस्त पडतं आणि सिद्ध करणं अवघड.

आपल्याकडं शाहू स्टेडियमवर माझ्यापर्यंत पैसे घेऊन कुणी आलं नाही. आला तो दाब. पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशा दोन तालमींचा ईर्षेचा सामना असला की दोन्ही पेठा गॅलरीत, आणि आदल्या संध्याकाळी ओळखीचा कुणीतरी टपरीवर भेटतो. ‘सर, उद्या तुम्हीच काय? जरा सांभाळून घ्या.’ एवढंच. धमकी नाही, लाच नाही. पण पन्नासाव्या मिनिटाला डीमध्ये कोणी पडला की ते ‘सांभाळून’ कानात वाजतं. पंचाचं मानधन तुटपुंजं, सामना संपल्यावर बाहेर पडताना बंदोबस्त हवाच, आणि घर त्याच गावात. याला फिक्सिंग म्हणत नाहीत, पण प्रेक्षकाचा विश्वास यानंही तेवढाच जातो. मी ठरवून टाकलं होतं की सामन्याच्या आदल्या दिवशी टपरीवर जायचं नाही. बायको म्हणायची, घरात चहा प्यायला तुम्हाला ईर्षेचा सामनाच लागतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र आपल्या हातातली. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या खिखोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा गटातला शेवटचा सामना झाला. अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशीच संपलेला, त्यामुळं जर्मनी १-० नं जिंकली तर दोघंही पुढं जातात हे दोघांना माहीत होतं. दहाव्या मिनिटाला हृबेशनं गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडं ढकलत बसले. अल्जीरिया बाहेर. एक पैसा कुणी दिला नाही. वेळापत्रकानंच सामना फिक्स केला होता. तेव्हापासून विश्वचषकात गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होतात.

आपली लीग एकाच मैदानावर चालते. शेवटच्या फेरीतले सामने एकाच वेळी खेळवणं जमत नाही आणि ज्याचा सामना सगळ्यात शेवटी त्याला आपल्याला किती गोल पुरतील हे आधीच कळलेलं असतं. संघ मुद्दाम सोडतात असं मी म्हणत नाही, पण तशी जागा आपण स्वतः करून ठेवतो. हंगामाच्या सुरुवातीलाच शेवटच्या फेरीचा क्रम चिठ्ठ्या टाकून सर्वांसमोर काढावा, नंतर तो कुणाच्याही सोयीनं बदलू नये, आणि गेल्या हंगामाच्या गुणतक्त्यात सलग असलेले दोन संघ शक्यतो शेवटी एकमेकांशीच खेळवावेत. पंच कोण हे सामन्याच्या दिवशी सकाळीच जाहीर करावं, म्हणजे टपरीवर कुणी वाट बघत बसणार नाही. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. तुमच्या तालमीचा माणूस असोसिएशनच्या बैठकीला जातोच. हे मुद्दे लिहून त्याच्या हातात दे, आणि तो स्क्रीनशॉटही त्यालाच दाखव.